लिहिणाऱ्यानं वर बघायचं नाही

"डोळे उघडे ठेवू की मिटून घेऊ?" अयोकाआंटीनं विचारलं, आणि दुरोजयेला उत्तर देता आलं नाही.

प्रश्न तसा काही फार मोठा नव्हता. नटमंडळी दिवसातून असे पन्नास प्रश्न विचारतात, डावा पाय आधी टाकू की उजवा, कप आत्ता ठेवू की मग, आणि दिग्दर्शकानं ठोकून काहीतरी सांगायचं असतं. खरं असो की खोटं, सांगायचं मात्र ठणकावून. दुरोजये सव्वीस वर्षं तेच करत आला होता. पण आज ते जमेना. समोर चाळीस माणसं पांढरे झगे घालून अनवाणी उभी होती. शहरातल्या याबा भागात एका बंद पडलेल्या छापखान्यात त्यानं आपल्या लहानपणीचं प्रार्थनाघर उभं केलं होतं, इलेशा गावातलं, जसंच्या तसं. निळी वेदी, पितळी हातघंटा, सात मेणबत्त्या, उदाचा धूर, दाराबाहेर चपलांचा ढीग. तो ढीगसुद्धा त्यानं सकाळी स्वतःच्या हातानं उपसून पुन्हा लावला होता, कारण त्र्याहत्तर सालच्या इलेशात असल्या रंगीत चपला होत्या कुणाकडे? वेदीवरच्या मेणाचे ओघळ कुठल्या बाजूनं यायचे हे ज्याला आठवतं, त्याला हे आठवू नये? अयोकाआंटी त्याच्या आईचं काम करत होती. तीस वर्षं चेटकिणी आणि खाष्ट सासवा करून ती कंटाळली होती, आणि आता एकदाची देवाधर्माची बाई वाट्याला आली म्हणून फारच काटेकोर झाली होती.

"हे बघ बाळा," ती म्हणाली, "तुझ्या आईला दृष्टांत व्हायचे. ती दिसेल ते बोलायची, आणि तू शेजारी बसून वहीत उतरवून घ्यायचास. बरोबर ना? मग बोलताना तिचे डोळे कसे असायचे, एवढंच सांग. पुढचं मी बघून घेते."

"मिटलेले," दुरोजये म्हणाला. आणि लगेच म्हणाला, "नाही. थांब जरा."

"थांबते की. गुडघे माझे आहेत, तुझं काय जातंय?" ती मघापासून गुडघ्यांवर बसली होती. झगेवाल्यांत कुणीतरी फिस्सकन हसलं.

लादिपो, त्याचा सहायक, जवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाला, "दादा, अकरा वाजलेत. चारला त्या छपरातला उजेड जातो. आणि उद्या जागा खाली करून द्यायचीय."

"जेवणाची सुट्टी दे."

"अहो, भात अजून चुलीवर आहे."

"मग शिजू दे," असं म्हणून दुरोजये बाहेर गेला आणि छापखान्याच्या पायरीवर बसला. जाताना त्या चपलांच्या ढिगातून त्याची स्वतःची चप्पल काही त्याला सापडली नाही.

कमाल आहे, त्याच्या मनात आलं. राग नव्हता, भीतीही नव्हती, नुसतं नवल. घरातली एखादी खोली आपण इतकी वर्षं उघडलीच नव्हती असं अचानक लक्षात यावं तसं. त्यानं आईचं सगळं आठवून बघितलं. आवाज आठवला. एरवी ती अंगणातून शेजारणीला हाक मारायची तर कोंबड्या पळायच्या, पण दृष्टांत सांगताना आवाज एकदम खाली यायचा, एकसुरी व्हायचा, आणि प्रत्येक वाक्यानंतर ती थांबायची. हात आठवले, झग्याच्या बाहीतून बाहेर आलेले, तळवे वर केलेले, डाव्या मनगटावर अकारा, म्हणजे चवळीचे वडे, तळताना उडालेल्या तेलाचा डाग. पाय तर फारच आठवले. टाचांच्या भेगा, त्यांत बसलेली तांबडी माती, करंगळीला मोडलेलं नख. कापराच्या साबणाचा वास आठवला. चेहरा म्हटलं की मात्र कपाळापर्यंत यायचं, पांढऱ्या टोपीची कड यायची, आणि खाली काही नाही. डोळ्यांच्या जागी वहीची पानं दिसायची. निळ्या रेघांची, शाई फुटलेली, त्याच्या स्वतःच्या अक्षरातली.

दिसणार कुठून? वर बघायची मुभाच नव्हती. प्रार्थनाघराच्या मंडळीचे मुख्य, ज्यांना सगळे बाबा म्हणत, छातीपर्यंत दाढी आणि शिस्तीचे कडक, त्यांनी पहिल्याच दिवशी कान धरून सांगितलं होतं, "लिहिणाऱ्यानं वर बघायचं नाही. सांगणाऱ्याच्या तोंडाकडे बघितलंस की शब्द तुझ्या मनातले यायला लागतील." त्या आधी वही शाळेचे एक मास्तर लिहायचे. त्यांची बदली झाली आणि दुसरं कुणी मिळेना. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. मंडळीत आणखी दोघी-तिघींना दृष्टांत व्हायचे, पण आईचे सर्वात लांब आणि सर्वात खरे. कुणाच्या विहिरीत काय पडलंय, कुणाची सून कशानं झुरतेय, कोणी कुठली मेणबत्ती लावावी, किती दिवस उपास करावा, कुठलं स्तोत्र किती वेळा म्हणावं, सगळं तिला दिसायचं. आणि दिसलं ते लगेच कागदावर यायला हवं, कारण झटका उतरला की तिला स्वतःला त्यातलं काहीही आठवायचं नाही, असं सगळे म्हणायचे. तिसऱ्या इयत्तेतल्या दुरोचं अक्षर बरं होतं. झालं. आठव्या वर्षापासून बाराव्यापर्यंत, दर शुक्रवारी दुपारी आणि दर रविवारी सकाळी, तो आईच्या गुडघ्याला गुडघा लावून बसायचा. बाकी सगळे डोळे गच्च मिटून प्रार्थनेत, आणि हा मान खाली घालून वहीत. संपलं की वही बाबांकडे जायची, आणि बाबा ती सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवायचे. आपण लिहिलेली वाक्यं बाबांच्या घोगऱ्या आवाजात ऐकताना त्याच्या अंगावर काटा यायचा. आता कुणी विचारलं, तुम्ही पटकथा लिहायला कुठं शिकलात, की तो हाच किस्सा सांगायचा. सभेत हशा पिकायचा, टाळ्या पडायच्या.

पण खरा किस्सा पुढचाच, आणि चित्रपट त्याच्यावरच होता. दुरोजयेच्या आधी आईची चार मुलं गेली होती. कुणी चाळीस दिवस जगलं, कुणी पहिला दात येईपर्यंत. म्हणून तर याचं नाव ठेवलं दुरोजये, म्हणजे थांब आणि जगून घे. आणि नुसत्या नावावर काम भागत नाही म्हणून आईनं याच प्रार्थनाघरात नवस केला होता: हा जगला तर बारावं लागलं की याला टेकडीवर देईन. टेकडी म्हणजे मंडळीची प्रार्थनेची टेकडी, गावापासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. तिथं वाहिलेली पोरं राहायची. डोकी भादरलेली, अनवाणी, पहाटे घंटा वाजवायची, आखूड झाडूनं अख्खं आवार झाडायचं, आठवड्यातले तीन दिवस उपास, आणि घरी परत यायचं ते मोठेपणी, आलंच तर. दुरोनं एकदा सणाला ती पोरं बघितली होती. त्यांतल्या एकानं त्याच्या हातातल्या अकाराकडे असं बघितलं, की त्याचा घास तोंडातच राहिला. त्या दिवसापासून त्याचं बारावं वर्ष जवळ यायला लागलं.

आणि मग तो शुक्रवार. आई कुणा म्हातारीच्या दुखण्याबद्दल सांगत होती. पाण्याचं मडकं, पिवळी मेणबत्ती, तीन दिवस. मग ती थांबली. आणि दुरो थांबला नाही. पेन चालतच राहिलं. आपण काय करतोय हे त्याला चांगलं ठाऊक होतं. याच प्रार्थनाघरात सुताराच्या बायकोनं मनानं दृष्टांत रचला म्हणून तिला दोन्ही हातांत पेटती मेणबत्ती देऊन अंगणात बसवलं होतं, मेण संपून बोटांवर येईपर्यंत, आणि नंतर अख्ख्या घराला मंडळीतून काढलं होतं. हे सगळं डोळ्यांसमोर असूनही त्यानं लिहिलं. त्याच्या पटकथेत ते असं होतं: अंधारं घर आहे, माणसं रांगेनं बसली आहेत, समोर पांढऱ्या कापडावर उजेड पडला आहे, आणि हा मुलगा त्या उजेडाजवळ उभा आहे, त्याला टेकडीवर पाठवू नये. बाबांनी या वेळी वही मनातच वाचली, दोन दिवस विचार केला आणि रविवारी ती मोठ्यानं वाचून जाहीर केलं, आत्म्याची इच्छा नाही, पोराला सोडलं. वडील सायकली दुरुस्त करायचे, ते हातातला पाना टाकून नाचलेच. आणि पंधरा दिवसांनी एका सकाळी आई पांढरा झगा घालून, डोक्यावर चटईची गुंडाळी घेऊन, स्वतःच टेकडीवर निघून गेली. तीन वर्षांसाठी.

"तिला आत्म्यानं बोलावलं," वडील शेजाऱ्यांना सांगायचे. "मला कोण विचारतो? आत्म्याला सायकल लागत नाही, नाहीतर माझ्याकडेही आला असता." पण वडिलांना भात शिजवता येत नव्हता, सहा दिवस बापलेक शेजारणीच्या आमालावर, कंदाच्या पिठाच्या उकडीवर, जगले, आणि सातव्या दिवशी दुरोची रवानगी इबादानला अबेकेआत्याकडे झाली. आत्याचं घर थिएटरच्या मागच्या भिंतीला लागून. तिथं हिंदुस्थानी सिनेमे लागायचे, भाषा कुणाला ओ की ठो कळायची नाही, पण बायका झाडाला धरून गाऊ लागल्या की अख्खं थिएटर रडायचं. आत्या मंडळीबिंडळी मानत नसे. ती त्याला हाताला धरून घेऊन जायची आणि म्हणायची, "तुझी आई तिकडे देव बघतेय ना? मग आपण हे बघू." अंधारं घर, रांगेनं माणसं, पांढरं कापड. पहिल्या दिवशी तो दारातच थिजून उभा राहिला होता. आपण लिहिलं तेच समोर. खोटं लिहिलं आणि खरं झालं. पण त्याची किंमत म्हणून आई गेली, असंही त्याच क्षणी त्याच्या मनात बसलं, आणि तिथून ते कधी उठलंच नाही. त्यानं देवाला फसवलं होतं, देवानं आई उचलून टेकडीवर ठेवली होती. फिट्टंफाट. नंतर मंडळी सुटली, प्रार्थना सुटली, इंग्लंडला शिकायला गेला तेव्हा तर मंडळीनं दिलेलं, नावाच्या आधी लावायचं पवित्र नावही गळून पडलं. ही एवढी एक गोष्ट मात्र चिकटून राहिली. ही गोष्ट तो सगळ्या जगाला सांगत आला होता, फक्त आईला सोडून.

तिला वाटतंय ते आत्म्याचंच होतं, असं तो धरून चालला होता. धरून चालला होता, हे शब्द त्याच्या मनात आले आणि तो पायरीवर सरळ बसला. अरेच्चा. कारण डोळे मिटलेले असतील तर ठीक, तिनं काहीच बघितलं नाही, बाबांनी वाचलं ते तिनं सगळ्यांसारखंच ऐकलं. पण उघडे असतील तर? गुडघ्याला गुडघा लागलेला. ती बोलायची थांबली, आणि हाताच्या अंतरावर पोराचं पेन चाललंय, चाललंय, चाललंय. मग ती गप्प का बसली? आणि गप्प बसली, तर पंधरा दिवसांनी चटई उचलून गेली का? अयोकाआंटीनं काय विचारलंय हे तिलाही ठाऊक नसेल. दुरोजयेनं खिसे चाचपले, छोटी वही होती, पेन होतं. "लादिपो," त्यानं हाक मारली, "मी मुशिनला जाऊन येतो."

"आत्ता? कशाला?"

"आईला विचारायला."

"मग फोन करा ना, दादा!" लादिपो अगदी काकुळतीला आला होता. पण दुरोजये गाडीत बसलाही होता. पायात कुणाच्या तरी रंगीत चपला होत्या.

रस्ता नेहमीसारखाच तुंबलेला. काचेपलीकडून पोरी भाजलेल्या केळ्यांच्या पुड्या नाचवत होत्या. त्यानं काच खाली केली नाही. त्याला टेकडी आठवत होती. वडिलांबरोबर तो दोनदा गेला होता तिथं. तिथल्या बायामाणसांना आवाराच्या दोरीबाहेर यायची परवानगी नव्हती, आई दोरीच्या आतून बोलायची, आणि तो फुरंगटून जमिनीकडे बघत राहायचा. तू मला टाकून आलीस ना, मग मी बोलणारच नाही. म्हणून पुन्हा पायच आठवतात. आणि पायांशेजारी झाडू. हो, तो झाडू! आखूड, पोरांचा. त्याला तेव्हाही ते चमत्कारिक वाटलं होतं. एवढी मोठी दृष्टांतवाली बाई, बाबा तिच्या शब्दाला मान देतात, आणि तिला पोरांचा झाडू? वडिलांनी विचारलंही होतं, "हे काय गं, तुला पोरांच्या छपरात निजवतात?" त्यावर आई काय म्हणाली ते आठवत नाही. ती एवढंच म्हणाली होती ते आठवतं, "दुरो, लिहितोस ना रे?" आणि त्यानं मान हलवली नव्हती. हा झाडू त्याच्या पटकथेत नाही. इतक्या वर्षांत हा झाडू त्याला एकदाही आठवला नव्हता. मागची गाडी हॉर्नवर हॉर्न मारत होती, तेव्हा कुठे पुढचा रस्ता मोकळा झाल्याचं त्याच्या लक्षात आलं.

आई मुशिनच्या घरात खालच्या मजल्यावर, मागच्या ओट्यावर बसून टरबुजाच्या बिया सोलत होती. ऐंशी वर्षांची बाई, पण बोटं अजून झरझर चालायची. तिनं मान वर न करताच पावलं ओळखली.

"काय रे, शूटिंग सोडून आलास? हाकललं की काय तुला?"

"नाही गं. जेवणाची सुट्टी आहे."

"अकरा-बाराला कसली जेवणं? आणि त्या चपला कुणाच्या? बायकी आहेत." तिनं पाट पुढे सरकवला. "बस. बिया घे, सोलता सोलता बोल. रिकामे हात मला बघवत नाहीत."

तो बसला. बिया घेतल्या नाहीत. खिशातली वही काढून मांडीवर ठेवली, पेनाचं टोपण काढलं, सवयीनं. "आई, एक विचारायचंय. म्हणजे ती नटी विचारतेय, तुझं काम करतेय ती."

"ती चेटकीण?"

"आता चेटकीण नाही, आता तू आहे ती. ती विचारते, दृष्टांत सांगताना तुझे डोळे उघडे असायचे की मिटलेले?"

आईची बोटं चालूच राहिली. एक बी, दुसरी बी. सालं सुपात, गर वाटीत. "चार वर्षं माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसलास," ती म्हणाली, "आणि हे मला विचारतोस?"

"वर बघायचं नव्हतं ना."

"उघडे," ती म्हणाली.

"नेहमी?"

"नेहमी. लोकांना वाटायचं, मिटलेले असतात, कारण त्यांचे स्वतःचे मिटलेले. अरे, दृष्टांत काय समोरच्या भिंतीवर दिसतो? तो दिसतो तिथं दिसतो. डोळे आपले मोकळेच. मग मी त्यांना कामाला लावलं होतं. तुझं पेन कुठवर आलंय ते बघायचे. एक वाक्य सांगायचं, तुझं लिहून होईपर्यंत थांबायचं, मग दुसरं. नाहीतर तुला झेपलं असतं का ते? आठ वर्षांचं पोर ते. जीभ बाहेर काढून लिहायचास."

दुरोजयेनं ते लिहून घेतलं. जीभ बाहेर. अक्षर बरं आलं. मग त्यानं वहीकडे बघतच विचारलं, "मग त्या शुक्रवारी? त्या म्हातारीच्या वेळी? पिवळी मेणबत्ती, तीन दिवस."

"मी तीन दिवसांवर थांबले," आई म्हणाली. "तू नाही थांबलास."

बाहेर कुणीतरी जनरेटर सुरू केला. आईनं तोंड वाकडं केलं, आवाज थोडा चढवला. "साडेतीन ओळी लिहिल्यास. मी बघत होते. मला वाचता येत नाही, पण ओळी मोजता येतात की. म्हटलं, हे काय चाललंय पोराचं? मग रविवारी बाबांनी वाचलं तेव्हा कळलं."

"तुला माहीत होतं? खोटं आहे ते?"

"खोटं कसलं? तुझ्या मनातलं होतं. आत्म्याचं नव्हतं एवढंच. वहीला वाळवी लागली त्याला किती वर्षं झाली, पण मला पाठ आहे." तिनं सूप खाली ठेवलं, आणि आवाज एकदम खाली गेला, एकसुरी झाला, तोच. दुरोजयेचं पेन आपोआप कागदावर टेकलं. "या मुलाला टेकडीवर पाठवू नये. टेकडीवर थंडी असते. याला याच्या आईजवळ ठेवावं. हा आईजवळच बरा राहतो."

ती प्रत्येक वाक्यानंतर थांबत होती. दुरोजयेनं शेवटचं वाक्य पुरं केलं आणि आपलंच अक्षर पुन्हा वाचलं. "आणि पांढरं कापड?" त्यानं विचारलं. "अंधारं घर, माणसं रांगेनं बसलीत, उजेड..."

"कसलं कापड?"

"मी लिहिलं होतं ते. सगळीकडे सांगतो मी ते. आत्याकडे गेलो तेव्हा थिएटरात तेच दिसलं."

"कापडबिपड काही नव्हतं रे. ते तू मागाहून घातलंस. थंडी होती. मला तर हसूच फुटत होतं बाबा वाचत होते तेव्हा, आत्म्याला थंडीची काळजी कधीपासून पडली म्हटलं!" ती खरंच हसली, पुढचे दोन दात नसलेलं हसू. मग हसू थांबलं. "हसत होते आणि रडूही येत होतं."

सव्वीस वर्षं त्यानं ज्याच्यावर टाळ्या घेतल्या ते कापड मुळात नव्हतंच. एखाद्याला याचा धक्का बसला असता. दुरोजयेला उलट मोकळं वाटलं, आणि त्याच्या मागोमाग ती दुसरी गोष्ट वर आली. आईजवळ ठेवावं, असं त्यानं लिहिलं होतं. बारा वर्षांच्या पोरानं सुताराच्या बायकोसारखं अंगणात बसायची तयारी ठेवून एवढंच मागितलं होतं. सिनेमा नाही, उजेड नाही, काही नाही. "मी लिहिलं होतं, आईजवळ ठेवा," तो म्हणाला. त्याला वाटलं होतं त्यापेक्षा आवाज मोठा निघाला. "आणि तू ते ऐकलंस. आणि तू गेलीस."

"हो."

"का?"

"कारण नवस माझा होता." तिनं पुन्हा बिया घेतल्या नाहीत. हात नुसते मांडीवर ठेवले, तळवे वर. "बाबांना वाटलं आत्म्यानं सोडलं. तुझ्या बापाला वाटलं. मला कसं वाटणार? मी तर तुझं पेन बघितलेलं. देवाला शब्द दिला तो मी, तू नाहीस. चार मुलं पुरली होती मी, दुरो. पाचवं मागून घेतलेलं. आता त्याला काय सांगू, माझं पोर हुशार निघालं, वहीत साडेतीन ओळी घुसवल्या, सबब हिशेब मिटला? छे! आणि बाबांना सांगितलं असतं तर तुला अंगणात बसवलं असतं मेणबत्त्या देऊन. ते तर मला मरेपर्यंत जमलं नसतं. मग राहिलं काय? टेकडीवर एक जण जायला हवं होतं. माझे पाय धड होते. मी बाबांना म्हटलं, मला बोलावणं आलंय, पण मला बायकांत ठेवू नका, पोरांची कामं द्या. घंटा द्या, झाडू द्या."

"तो आखूड झाडू."

"कंबर मोडली त्यानं माझी. ती अजून दुखते."

दुरोजये लिहीत होता. कशासाठी लिहितोय ते त्याला सांगता आलं नसतं, पण थांबवत नव्हतं. झाडू, घंटा, कंबर. आईचा आवाज वरून येत होता, एक वाक्य, मग थांबणं, मग दुसरं. "पहाटे घंटा वाजवताना सगळे स्तोत्र म्हणायचे," ती सांगत होती. "मी ते म्हणायचेच नाही. ओठ हलवायचे नुसते. मी त्याच साडेतीन ओळी म्हणायचे. टेकडीवर थंडी असते, याला याच्या आईजवळ ठेवावं. तीन वर्षं, रोज. पाठ झाल्या त्या अशा. नाहीतर एवढ्या वर्षांचं कुणाला आठवतं?"

खिशातला फोन थरथरला. लादिपो असणार. छपरातला उजेड. त्यानं तो काढला नाही.

"मी आलो होतो तिथं," तो म्हणाला. "तू विचारलंस, लिहितोस ना म्हणून. मी बोललो नाही."

"रुसला होतास. मला कळत होतं की. दोरीपलीकडे उभा, मान खाली." मग ती नेहमीच्या आवाजात, जरा दमात घेतल्यासारखं म्हणाली, "हे बघ, त्या तुझ्या चेटकिणीला सांग, डोळे टक्क उघडे ठेव. आणि माझं काम करतेस तर आभाळाकडे बघू नको म्हणावं, पेनाकडे बघ. आणि ते लिहिणारं पोर कुणी घेतलंयस ना तू? त्याला सांग, एकदा तरी वर बघ."

"नियम होता ना, आई. लिहिणाऱ्यानं वर बघायचं नाही."

"बाबांचा नियम होता. माझा कुठं होता?" ती म्हणाली. "चार वर्षं मी तुझ्याकडेच बघत बसले होते. एकदा बघायचं होतंस रे."

पेन अजून चालूच होतं. बघायचं होतंस रे, एवढं लिहून झालं, आणि मग दुरोजयेनं ते वहीवर आडवं ठेवलं आणि मान वर केली. आईच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकून पांढरा झाला होता. डावा स्वच्छ होता, तपकिरी, आणि तो त्याचं लिहून होण्याची वाट बघत होता.